तर्री कोणत्या जंगलाची?

डिसेंबरच्या पहाटे धुळ्यात पारा 6-7 अंशांवर उतरला की आमच्या दुकानातलं सुटं तेल थिजायचं. 15 किलोच्या पत्र्याच्या डब्यात पळी घातली की रुतून बसायची. वडील डबा उचलून दाराशी उन्हात नेऊन ठेवायचे. ऊन चढेपर्यंत गिऱ्हाईक हातात बाटली घेऊन ताटकळायचं, आणि एखादा नवखा विचारायचा, "शेठ, तूप मिसळलं का काय?" वडील शांतपणे सांगायचे, "पाम आहे. थंडीत असंच होतं." शेंगदाणा तेलाचा डबा शेजारीच असायचा, त्या थंडीतही पातळ. पण त्याला हात लावणारी घरं गावात मोजकी. उधारीच्या वहीतली बाकीची सगळी पानं पामची.

दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली. पाम मात्र वाढतच गेलं. आता ते शेवेत आहे, फरसाणात आहे, पोरांच्या बिस्किटात आणि अंगाच्या साबणात आहे. हॉटेलात शेवभाजीवर बोटभर तर्री तरंगते आणि आपण अभिमानाने पाहुण्याला सांगतो की ही खरी खान्देशी. त्या तर्रीत इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचं काहीतरी असण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे. तिचा तिखटपणा तेवढा आपला.

मागच्या हिवाळ्यात शहरातल्या एका चौकात कॉलेजची पाच-सहा मुलं फलक घेऊन उभी होती. फलकावर ओरांगउटानाचं पिल्लू, मागे जळकं जंगल आणि खाली 'पाम तेलावर बहिष्कार टाका'. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थांबली. "हाई माकड कोठलं शे, भाऊ?" मुलांनी सांगितलं. इंडोनेशिया, जंगलतोड, आपण खातो ते तेल. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमले शेंगदाणानं तेल परवडत नही. तुमी देतस का पैसा?" आणि समोरच्या दुकानातून तिने पामोलीनची पिशवी घेतली. मुलं गोरीमोरी झाली. मला त्यांची कीव आली नाही, कौतुकच वाटलं. थंडीत तीन तास उभं राहायला काहीतरी लागतं. पण ती चुकीच्या दारात उभी होती. कुठल्या दारात उभं राहायला हवं, तेवढ्यासाठीच हा लेख.

मुलं जे सांगत होती त्यात खोटं काही नव्हतं. जगातलं 85 टक्क्यांच्या आसपास पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येतं. हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. विषुववृत्ताजवळच्या ओल्या, उष्ण पट्ट्यात ते फोफावतं, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात पृथ्वीवरची सगळ्यात दाट जंगलं आहेत. त्यातही वाईट गोष्ट दलदलीच्या जमिनींची. तिथे हजारो वर्षांचा पालापाचोळा पाण्याखाली न कुजता साचून राहिलेला असतो, काही ठिकाणी कित्येक मीटर खोल. पाम लावायचा तर चर खोदून पाणी काढून द्यावं लागतं. पाणी गेलं की हा थर वाळतो, आणि वाळला की पेटतो. ती आग वणव्यासारखी वरून पळत नाही. आपल्याकडचा उकिरडा आतून धुमसतो तशी आठवडेच्या आठवडे जमिनीखाली धुमसते. 2015 साली इंडोनेशियात सुमारे 26 लाख हेक्टर जमीन जळाली. धूर समुद्र ओलांडून सिंगापूरवर गेला आणि तिथल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. जागतिक बँकेने नुकसान धरलं 16 अब्ज डॉलर. सगळ्याच आगी पामसाठी लावलेल्या नव्हत्या, कागदाच्या लगद्यासाठीचे मळेही त्यात होते. पण चर कोणी आणि कशासाठी खोदले होते हे तिथल्या माणसांना ठाऊक आहे.

याविरुद्ध झालेली चळवळ वाया गेली असं जे म्हणतात त्यांनी थोडा हिशेब बघावा. 2010 साली ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने किटकॅटवरून नेस्लेची जाहीर शोभा केली, तेव्हा दोनेक महिन्यांत त्या कंपनीला जंगलतोडीशी जोडलेलं तेल बंद करण्याचं कबूल करावं लागलं. 2013 च्या डिसेंबरात विल्मार या सिंगापूरच्या कंपनीने, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या पाम व्यापाऱ्याने, जंगलतोड नाही, दलदल नाही, पिळवणूक नाही असं धोरण जाहीर केलं. हीच विल्मार 1999 साली अदाणी समूहाशी भागीदारी करून भारतात उतरली आणि तिच्या तेलाच्या पिशव्या आपल्या किराणा दुकानांत लटकू लागल्या. इंडोनेशियाच्या सरकारने 2011 मध्ये आदिम जंगलं आणि दलदली यांत नवे परवाने देणं थांबवलं आणि 2019 मध्ये ती बंदी कायमची केली. कागदावरच्या बंदीला भोकं असतात, हे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला कुणी शिकवायला नको. तरी त्या दशकात तिथली पामसाठीची तोड उतरली, हे खरं.

मला मात्र या मोठ्या कंपन्यांच्या जाहीरनाम्यांपेक्षा सुमात्रावरच्या आचे प्रांतातल्या लेऊसर जंगलाची गोष्ट जास्त मोलाची वाटते. रूदी पुत्रा हा तिथला जीवशास्त्रज्ञ. त्याने स्थानिक लोकांना आणि पोलिसांना बरोबर घेतलं, नकाशे आणि कागद पुढे केले, अवैध मळे बंद पाडले आणि पामची झाडं करवतीने आडवी करून घेतली. 2014 साली त्याला पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्याच आचेमध्ये त्रिपाची दलदल जाळल्याबद्दल एका कंपनीला न्यायालयाने 2014 मध्येच 366 अब्ज रुपिया भरायला सांगितले. त्या जंगलासाठी लढणाऱ्या फारविझा फरहान हिला 2024 चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या लढाईत बिस्किटाचा पुडा कुठेच नाही. जमीन कोणाची, परवाना कोणी दिला, सही कोणाची, हे प्रश्न आहेत.

आणि हेच प्रश्न खान्देशाने आधी विचारले आहेत.

शहाद्यात 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने. झाडं वाचवायला नव्हे. भिलांच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळवायला, सालदारकी आणि मजुरीच्या प्रश्नावर. आज पर्यावरण म्हणून जे बोललं जातं त्यातलं एक अक्षरही तेव्हाच्या पत्रकांत नसेल. पण जमिनीचा कागद ज्याच्या हाती नाही त्याच्याकडून जंगल राखलं जाणार नाही, हे त्या लढ्यातून आपल्याकडे कळायला हवं होतं. ते कळायला फार वेळ लागला. इंग्रजांच्या काळात साग रेल्वेच्या स्लीपरांसाठी गेला, नंतर कूपवाल्या ठेकेदारांनी नेला, आणि उरलेल्यात भुकेल्या माणसाने कुदळ मारून नेवाड काढलं, म्हणजे रान मोडून शेत केलं. सातपुडा उघडा पडल्याचा सगळा दोष आपण या तिसऱ्याच्या माथी मारतो, कारण पहिले दोघे निघून गेले आणि तो अजून तिथेच सापडतो. यावलच्या जंगलात अतिक्रमण हटवायला गाड्या जातात, दगडफेक होते, चार दिवस बातम्या येतात, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा मात्र वेगळं निघालं. पिंपळनेरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीजवळचा हा छोटा पाडा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भोवतालचे डोंगर बोडके होते आणि बायका पाण्यासाठी वणवण फिरत होत्या. चैत्राम पवार शिकून गावात परतले आणि गावाने बसून ठरवलं: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडेल त्याला दंड, आणि राखण गावाचीच. चारशे हेक्टरांहून जास्त जंगल असं उभं राहिलं. आता तिथे रानभाज्यांचा महोत्सव भरतो आणि शहरातले लोक गाड्या घेऊन जेवायला जातात. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. त्या वेळी वर्तमानपत्रांनी हे सगळं एका माणसाच्या चमत्कारासारखं छापलं. चमत्कार काही नव्हता. ज्या गावाला नियम करता आला आणि मोडणाऱ्याकडून दंड वसूल करता आला, त्या गावाचं जंगल वाचलं. ज्या गावात नियम दुसरेच करतात आणि दंडही दुसरेच घेऊन जातात, तिथलं वाचलं नाही.

इंडोनेशियात हेच झालं. तिथे राज्याने जंगल आपलं म्हटलं आणि कंपन्यांना सवलतीने वाटलं. पिढ्यानपिढ्या राहणारे लोक एका रात्रीत आपल्याच रानात घुसखोर झाले. 2013 च्या मे महिन्यात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की पारंपरिक समाजांची जंगलं ही सरकारी जंगलं नव्हेत. आपल्या 2006 च्या वनहक्क कायद्याची चुलत भावंडच ती. अंमलबजावणीत दोन्ही सारखीच लंगडतात. म्हणून मला वाटतं, ओरांगउटानाचा फलक साक्री-नवापूर-धडगावच्या माणसाला काही सांगत नाही, पण बोर्निओ बेटावरच्या दायाक आदिवासी माणसाची गोष्ट त्याला पहिल्या वाक्यात कळेल. रान आमचं, पट्टा कंपनीचा, आणि गुन्हा आमच्यावर. ही गोष्ट सांगायला दुभाषा लागत नाही.

आता त्या बाईच्या पिशवीकडे येऊ, कारण तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

भारत हा जगातला सगळ्यात मोठा पाम आयातदार. वर्षाला साधारण 75 ते 100 लाख टन. हे तेल इथे काही आभाळातून पडलं नाही, ते धोरणाने आणलं. 1986 मध्ये तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि काही वर्षांतच देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. त्याला पिवळी क्रांती म्हणायचे. 1994 मध्ये पामोलीनची आयात खुली झाली, 1998 मध्ये शुल्क 15 टक्क्यांवर आणलं गेलं, आणि मग कोरडवाहू भुईमुगाला त्या स्वस्त तेलाशी झुंजावं लागलं. आमच्या गल्लीच्या टोकाला घाणा होता. तो कधी बंद पडला हे मला आठवतही नाही, इतका तो हळू बंद पडला. आधी बैल गेला, मग मोटार बसली, मग आठवड्यातून तीन दिवस चालू, मग गोडाऊन.

अमळनेरची गोष्ट तर सांगायलाच हवी. 1945 साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी तिथे काढली. काम काय, तर वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण. शेंगा पिकणाऱ्या मुलखात कारखाना, इतका साधा विचार. पुढे तीच विप्रो झाली, आणि अमळनेरच्या ज्या घरांनी जुने शेअर कपाटात जपून ठेवले ती घरं कुठल्या कुठे गेली. (आमच्या घरात असा एकही कागद निघाला नाही. मी माळा दोनदा शोधून पाहिला आहे.) मुद्दा एवढाच की तेल हा खान्देशाचा जुना धंदा होता. सरकी इथे, शेंगा इथे, तीळ इथे, गिरण्या इथे. पुढे त्याच मुलखात रेशनच्या पिशवीतून परदेशी तेल वाटलं गेलं. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' दिला: शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पाम तेल. राज्यातल्या दीड कोटींहून जास्त शिधापत्रिकांसाठी. एका सरकारी निर्णयाने दीड कोटी घरांत जे तेल गेलं, ते चौकातल्या फलकाने कसं बाहेर काढणार?

या व्यवहारात एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती ढेपेची. शंभर किलो शेंगदाणे गाळले की चाळीस-पंचेचाळीस किलो तेल निघतं आणि बाकीची ढेप. सरकीचं तर उलटच: ढेप हाच मुख्य माल, तेल वर. ती ढेप गोठ्यात जाते, म्हशीच्या दुधात उतरते, शेणातून शेतात परत येते. मलेशियातून टँकर येतो त्यात नुसतं तेल असतं. ढेप तिकडेच राहिली. म्हणजे स्वस्त तेलाबरोबर आपण महाग ढेप विकत घेतली, आणि हा तोटा तेलाच्या भावात कुठेच दिसत नाही. दूधवाल्याला विचारा, तो सांगेल.

इथे प्रामाणिकपणे एक आकडा मांडायला हवा, कारण शेंगदाण्याच्या नावाने भावूक होणाऱ्यांत मीही आहे. पामचं एक हेक्टर वर्षाला साडेतीन टनांच्या आसपास तेल देतं. भुईमूग किंवा सोयाबीन अर्ध्या टनाच्या आगेमागे. म्हणजे पामचं 90 लाख टन तेल आपण भुईमुगातून काढायचं ठरवलं तर 1 कोटी 80 लाख हेक्टर लागतील. महाराष्ट्राच्या निव्वळ पेरणीखालच्या क्षेत्राएवढी जमीन. ती कुठून आणणार? कुणाचं तरी रान मोडूनच. पाम कंपन्या हा आकडा आनंदाने पुढे करतात, आणि आकडा खरा आहे. 'पाम सोडा, सोया घ्या' म्हणणाऱ्याने ब्राझीलच्या नकाशाकडेही एकदा बघावं.

पण या आकड्याने एक गोष्ट झाकली जाते. जास्त पीक देणारं झाड हे आपोआप कमी जंगल खातं असं होत नाही. नफा जास्त म्हणून ते आणखी जंगल खाऊ शकतं. बोअरचं पाणी आलं तेव्हा रावेर-यावलमध्ये केळीखालची जमीन कमी झाली का? कमी जमिनीत जास्त पैसा निघाला म्हणून कुणी उरलेली जमीन पडीक सोडली? उलट विहिरी खोल गेल्या आणि केळी वाढली. झाडाची उत्पादकता एक गोष्ट आणि त्याला अडवणारी माणसं-कायदे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट नसेल तर पहिलीचा उपयोग फक्त ताळेबंदात. आणि दुसऱ्या बाजूने, सरकीच्या तेलाला जमीन लागतच नाही. कापूस आपण लावतोच, रुईबरोबर सरकी येतेच. ते तेल नीट गाळून, नीट विकून जेवढं पाम कमी होईल तेवढं फुकटचं. सगळं पाम त्याने जाणार नाही. थोडं जाईल. थोडंसुद्धा लाखांच्या टनांत असतं.

मग सरकार काय करतंय? ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने खाद्यतेल-पाम अभियान मंजूर केलं, 11,040 कोटी रुपयांचं. आणखी साडेसहा लाख हेक्टरांवर पाम लावून एकूण क्षेत्र 10 लाख हेक्टरांवर न्यायचं, भर ईशान्य भारतावर आणि अंदमान-निकोबारवर. आयात कमी व्हावी ही इच्छा माझीही आहे. पण जागा कोणत्या निवडल्या ते बघा. लिटल अंदमान बेटावर, ओंगे आदिवासींच्या भूमीत, सत्तरच्या दशकापासून जंगल काढून सुमारे दीड हजार हेक्टरांवर पाम लावून झाला होता. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बंद करायला लावला. मिझोराममध्ये गेली वीस वर्षं पाम आहे. तिथल्या डंपा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास जयदेव मंडल आणि टी. आर. शंकर रामन यांनी पक्ष्यांचा अभ्यास केला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. झूम शेतीच्या, म्हणजे जागा बदलत केलेल्या फिरत्या शेतीच्या रानात जंगलचे पक्षी जास्त टिकतात, पामच्या मळ्यात कमी, आणि सागाच्या मळ्यातही कमी. साग! सातपुड्यात वनखात्याने रांगेत लावलेल्या सागाला जंगल म्हणून मोजणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. आणि ज्या नेवाड-झूमला आपण जंगलाचा शत्रू ठरवलं, त्यात पक्षी जास्त निघाले.

पामचं आणखी एक वैशिष्ट्य उसवाल्यांना लगेच कळेल. घड काढला की 24 ते 48 तासांत गिरणीत पोचायला हवा, नाहीतर तेल आंबतं. म्हणजे जवळ गिरणी हवी, रस्ता हवा, आणि एकच गिरणी असेल तर भाव तिचाच. राज्यं कंपन्यांना पट्टे वाटून देतात: अमुक भागातला शेतकरी अमुक कंपनीचा. आपण उसाची झोनबंदी पाहिली आहे. कारखाना बंद पडला की उभ्या उसाचं काय होतं, हेही पाहिलं आहे. ऊस निदान दीड वर्षात मोडता येतो. पामला फळ यायला चार-पाच वर्षं आणि झाड उभं राहतं पंचवीस वर्षं. ईशान्येतला शेतकरी इतका काळ ज्या गिरणीवर अवलंबून राहणार तिची हमी कोण घेणार, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही. मेघालयाच्या तेव्हाच्या खासदार अगाथा संगमा यांनी 2021 मध्येच या योजनेवर जाहीर आक्षेप घेतला. इकडे महाराष्ट्रात त्यावर चार ओळीही उमटल्या नाहीत.

युरोपाचं नाव निघालं की आपल्यातल्या काहींना चेव येतो. स्वतःची जंगलं शतकांपूर्वी तोडून खाल्ली आणि आता गरीब देशांना शहाणपण शिकवतात, असं म्हणतात. म्हणणं निराधार नाही. 2023 मध्ये युरोपीय संघाने कायदा केला: 31 डिसेंबर 2020 नंतर तोडलेल्या जंगलाच्या जमिनीवरचा पाम, सोया, कॉफी, लाकूड वगैरे माल आमच्या बाजारात नको, आणि माल कुठल्या शेतातला ते दाखवा. अंमलबजावणी पुढे ढकलत ढकलत चालली आहे. इंडोनेशियात पामखालची सुमारे 40 टक्के जमीन छोट्या शेतकऱ्यांची आहे. दोन हेक्टरवाल्याने नकाशा आणि उपग्रहाचे कागद कुठून आणायचे, हा त्यांचा सवाल खरा आहे. पण यातून आपल्यासाठी वेगळाच प्रश्न निघतो. युरोप चाळणी लावणार. चाळून उरलेला माल जो काहीच विचारत नाही अशाच बाजारात जाणार. जो काहीच विचारत नाही असा सगळ्यात मोठा बाजार म्हणजे आपण. दुकानात वडील भुसार माल घेताना पोतं फोडून मूठभर धान्य हातावर घ्यायचे, वास घ्यायचे, मगच पावती. देश म्हणून आपण पोतं फोडत नाही.

आणि गल्लीतल्या सुट्या तेलावर तर कुठलं प्रमाणपत्र चिकटवणार? 2004 मध्ये शाश्वत पाम तेलाची गोलमेज संस्था स्थापन झाली. जगातलं सुमारे पाचवा हिस्सा पाम आज तिच्या शिक्क्याखाली आहे. हा शिक्का महागड्या साबणाच्या खोक्यावर दिसेल, डब्यातून पळीने ओतलेल्या तेलावर कधीच नाही. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी सुटं खाद्यतेल विकायला बंदी आहे. ती बंदी किती पाळली जाते ते कुठल्याही आठवडे बाजारात बघा. मला दुकानदाराला दोष द्यायचा नाही; त्याच्या समोरच्या गिऱ्हाईकाकडे एका दिवसाच्या तेलाचेच पैसे असतात. पण यातून कळतं की ग्राहकाच्या निवडीवर उभी असलेली चळवळ धुळ्याच्या आठवडे बाजारात का चालत नाही. निवड करायला दोन वस्तू लागतात आणि दोन्ही परवडाव्या लागतात. लाकडी घाण्याचं तेल आता शहरात पुन्हा आलं आहे, काचेच्या बाटलीत, पामच्या कितीतरी पट भावाने. मी घेतो. मला परवडतं म्हणून मी नीतिमान ठरत नाही.

म्हणून चौकातून दार बदलायला हवं. खाद्यतेल देशात येतं ते मोजक्या बंदरांतून, मोजक्या रिफायनऱ्यांतून, मोजक्या कंपन्यांच्या हातून. शंभर कोटी गिऱ्हाईकांना पटवण्यापेक्षा त्या पाच-दहा दारांवर प्रश्न विचारणं सोपं. तेल कुठल्या गिरणीचं आणि त्या गिरणीला घड कुठल्या मळ्याचे, हे मोठ्या कंपन्या युरोपला सांगतात. तेच इथे सांगायला लावणारा एक ओळीचा नियम केंद्र सरकार करू शकतं. आयात शुल्काचा खेळ हा दुसरा दरवाजा. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या तेलांवरचं मूळ शुल्क 20 टक्के केलं, मे 2025 मध्ये ते 10 वर आणलं. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजार समित्यांत सौदे त्याखाली होत होते. ज्या शेतकऱ्याने पेरताना एक शुल्क पाहिलं आणि विकून होण्याआधी दुसरं, तो पुढच्या वर्षी तेलबिया का लावेल? तो मका लावतो. आमच्याकडे लावलाही. मुंबईत भाव दोन रुपयांनी चढला की लगेच शुल्क उतरतं, पण शिरपूरच्या बाजार समितीत भाव पडला तर त्याच तत्परतेने ते चढत नाही. पाम तेलाची चळवळ आणि हमीभावाची चळवळ एकाच मंडपात बसायला हवी. अजून त्यांची एकमेकांशी ओळखही नाही. पर्यावरणवाल्यांना शेतकरी संघटना आडदांड वाटतात, शेतकऱ्यांना पर्यावरणवाले कॉलेजातले वाटतात. दोघांचाही अंदाज अगदीच चुकीचा नाही, आणि तरी.

तिसरा दरवाजा जवळचा आहे. शिधा, अंगणवाडी, शाळेचं जेवण, आश्रमशाळा: इथलं तेल सरकार विकत घेतं, निविदा काढून. नंदुरबार जिल्ह्यातल्या आश्रमशाळांना लागणारं तेल जिल्ह्यातल्याच शेंगांचं किंवा सरकीचं असावं, निदान त्यातला ठरावीक हिस्सा तरी, असं निविदेत लिहायला कुठल्या आंतरराष्ट्रीय कराराची गरज नाही. बचत गटांनी घाणे टाकले आहेत, त्यांना गिऱ्हाईक नाही. आश्रमशाळेला तेल हवं आहे, तिला ठेकेदार आहे. या दोघांच्या मधे एक कागद आहे. महाग पडेल, हे खरं. किती महाग पडेल आणि त्यातलं ढेपेच्या, दुधाच्या, मजुरीच्या रूपाने जिल्ह्यात किती परत येईल, हा हिशेब एकदा कुणीतरी करावा. मला तो पूर्ण येत नाही, पण वडिलांची वही पाहून वाढलो असल्यामुळे एवढं कळतं की एका बाजूची बेरीज करून हिशेब होत नसतो.

काहीजण विचारतील, आपला सातपुडा आधी नीट करा, मग सुमात्राचं बघा. मला हे दोन वेगळे वाटत नाहीत. सातपुड्यातल्या गावाला सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर व्हायला वर्षानुवर्षं फायली घेऊन फिरावं लागतं, आणि दुसरीकडे त्याच गावाच्या रेशनवर दुसऱ्या कुणाच्या तरी मोडलेल्या रानाचं तेल आलं. दोन्हीकडे गावाला कुणी विचारलेलं नसतं. बारीपाड्याला जे जमलं ते आचेच्या गावाला जमू नये असं काही नाही, आणि आचेच्या लोकांनी न्यायालयात जे करून दाखवलं त्यातून आपल्याला शिकण्यासारखं पुष्कळ आहे. विशेषतः ते 366 अब्जांचं. आपल्याकडे जंगल जाळल्याबद्दल कंपनीने इतकी रक्कम भरल्याचं कुणाला आठवतं का?

त्या दिवशी चौकात मी मुलांना चहा पाजला. फलकावरच्या पिल्लाचं काय करायचं, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, राहू द्या, गोड आहे. पण मागच्या बाजूला आश्रमशाळांच्या तेलाची निविदा चिकटवा आणि सोमवारी जिल्हा परिषदेत जा. त्यातली एक मुलगी शिंदखेड्याकडची होती. तिच्या घरी यंदा दोन एकर भुईमूग होता. ती म्हणाली, "काका, निविदा मिळते कुठे?" मला माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून शोधायचं ठरवलं आहे.